स्थापत्य अभियांत्रिकीनंतर परदेशातील कोणती पदवी नोकरी आणि स्थायी निवासापर्यंत नेते?

पूर्णाकाठ (परभणी) :

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. माझ्या मुलीने २०२३ मध्ये नांदेड येथून स्थापत्य अभियांत्रिकीची बी. टेक. पदवी घेतली असून तिचा सीजीपीए ७.६ आहे. गेली दोन वर्षे ती जालना येथील एका कंत्राटदाराकडे पाणीपुरवठा योजनांवर साईट इंजिनिअर म्हणून काम करते. वय २४, पगार बावीस हजार, आणि तो दर महिन्याला वेळेवर होईलच असे नाही.

छत्रपती संभाजीनगर येथील एका कन्सल्टन्सीत आम्ही दोनदा जाऊन आलो. त्यांनी दोन मार्ग पुढे ठेवले : कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या एका कॉलेजची प्रोजेक्ट मॅनेजमेंटमधील दोन वर्षांची पदविका, किंवा इंग्लंडमध्ये कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटची एक वर्षाची एम. एस्सी. राहण्याखाण्यासह खर्च २८ ते ३० लाख रुपये सांगितला आणि पीआरचे (स्थायी निवासाचे) विचारले असता "ते होऊनच जाते, सर" एवढेच उत्तर मिळाले. नोंदणीसाठी २५ हजार रुपये भरून घेतले आहेत. तीस वर्षे वर्गात उभे राहिल्यामुळे, ज्या मुलाला उत्तर येत नाही तो किती घाईने बोलतो हे मला ओळखता येते. म्हणून येथे विचारत आहे.

माझ्या नावावर चार एकर कोरडवाहू जमीन आणि परभणी शहरात एक एनए प्लॉट आहे. निवृत्तीला सहा वर्षे राहिली आहेत. शिक्षण, त्यानंतर तिच्याच विषयातील नोकरी, आणि नोकरीतून स्थायी निवास, या क्रमाने नेणारी पदवी कोणती, आणि वरील दोन मार्गांत तथ्य किती, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

दुधना (सध्या ऑन्टारिओ) :

गुरुजी, मी मूळची परतूरची. २०१८ मध्ये अशाच एका पदविकेसाठी कॅनडात आले आणि आज माझ्याकडे पीआर आहे. तरीही आपल्या मुलीने ती पदविका घेऊ नये असेच मी सांगेन, आणि त्याचे कारण नीट समजून घ्यावे.

कॅनडात शिक्षणानंतर जो खुला कामाचा परवाना मिळतो, त्याला पीजीडब्ल्यूपी म्हणतात. तो आयुष्यात एकदाच मिळतो, सहसा वाढवून मिळत नाही, आणि पीआरची सारी गणिते त्याच मुदतीत सोडवायची असतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून अभ्यास परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांना एक नवी अट लागू झाली आहे : विद्यापीठाची बॅचलर, मास्टर किंवा डॉक्टरेट पदवी असेल तर विषय कोणताही चालतो, परंतु कॉलेजची पदविका असेल तर तिचा विषय सरकारने ठरवलेल्या यादीत असावा लागतो. त्या यादीत आरोग्यसेवा, शेती, विज्ञान-तंत्रज्ञान, बांधकाम आणि इतर कुशल कारागिरी, वाहतूक असे गट आहेत. व्यवस्थापनाच्या सर्वसाधारण पदविका त्या यादीत नाहीत. म्हणजे आपली मुलगी दोन वर्षे शिकेल, शुल्क भरेल, उत्तीर्ण होईल आणि त्यानंतर तिला काम करण्याचा परवानाच मिळणार नाही. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या विषयाला सीआयपी नावाचा वर्गीकरण क्रमांक असतो. कन्सल्टन्सीत जाऊन एकच प्रश्न विचारा : "या अभ्यासक्रमाचा सीआयपी क्रमांक काय आहे आणि तो पीजीडब्ल्यूपीच्या यादीत आहे का?" उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा.

माझे कसे झाले, तेही प्रामाणिकपणे सांगते, कारण माझ्यासारख्यांची उदाहरणे दाखवूनच ही दुकाने चालतात. करोनाच्या काळात बाहेरून लोक येऊ शकत नव्हते, म्हणून १३ फेब्रुवारी २०२१ रोजी सरकारने देशातच काम करणाऱ्यांसाठी एक्स्प्रेस एन्ट्रीची, म्हणजे गुणांनुसार पीआरसाठी निमंत्रणे देण्याच्या पद्धतीची, एक फेरी काढली. तिची गुणमर्यादा अवघी ७५ होती आणि २७,३३२ जणांना निमंत्रणे गेली. त्यात माझा नंबर लागला. माझ्यानंतर दोन वर्षांनी त्याच वर्गातून बाहेर पडलेल्या मुली माझ्यापेक्षा हुशार होत्या. त्यांचे परवाने संपत आले तरी त्या अडकून राहिल्या. कॅनडातील कामाच्या अनुभवावर निघणाऱ्या फेऱ्यांची मर्यादा २०२५ मध्ये एकदाही ५०० च्या खाली उतरली नाही. शिवाय २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या पत्राला मिळणारे जादा गुणही बंद झाले, त्यामुळे "आम्ही कंपनीचे पत्र मिळवून देतो" या आश्वासनाची किंमत आता शून्य आहे. पूर्वीही त्यांतली काही पत्रे विकतचीच असत, हा भाग वेगळा.

कॅनडाच हवे असेल तर विद्यापीठाची मास्टर पदवी घ्यावी. शुल्क बरेच जास्त आहे, पण १५ फेब्रुवारी २०२४ पासून दोन वर्षांहून कमी मुदतीच्या मास्टरलाही, ती किमान आठ महिन्यांची असेल तर, तीन वर्षांचा परवाना मिळू शकतो. तिला भाषांची आवड असल्यास फ्रेंचचा विचार करावा, कारण फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या फेऱ्या निघतात आणि मार्च २०२५ मधील अशा एका फेरीत ३७९ गुणांनाही निमंत्रण गेले होते. मी स्वतः तिशीत फ्रेंच शिकायला बसले आणि सहा महिन्यांत सोडून दिले. पंचविशीत कदाचित जमले असते.

मांजरा (सध्या ड्रेस्डेन) :

आदरणीय गुरुजी, इंग्लंडविषयी आधी थोडक्यात लिहितो, कारण तेथे थांबण्यासारखे फारसे नाही. एक वर्षाच्या एम. एस्सी.नंतर दोन वर्षांचा ग्रॅज्युएट व्हिसा मिळतो, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ती मुदत अठरा महिन्यांवर येणार आहे. ही वर्षे स्किल्ड वर्कर (कुशल कामगार) मार्गावरील स्थायी निवासाच्या मुदतीत धरली जात नाहीत. खरी मोजणी स्किल्ड वर्कर व्हिसापासून सुरू होते, आणि त्याची सर्वसाधारण वेतनमर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे. नवोदितांना सवलत मिळते, ती ३३,४०० पौंडांपर्यंतच. अमेरिकेविषयी आपण विचारले नाही, ते बरेच झाले. तेथे अभियांत्रिकीच्या पदवीवर तीन वर्षे काम करता येते, परंतु त्यानंतर एच-वन-बी या कामाच्या व्हिसाची सोडत लागते आणि भारतात जन्मलेल्यांसाठी ग्रीन कार्डची रांग वर्षांत नव्हे, दशकांत मोजावी लागते.

मी लातूरचा. पदवी स्थापत्यची, आणि येथील, म्हणजे जर्मनीतील, टीयू ड्रेस्डेन या तंत्रविद्यापीठातून जलविज्ञान व जलअभियांत्रिकीची इंग्रजी माध्यमाची मास्टर पदवी घेतली. आज एका नियोजन कार्यालयात पाण्याच्या वाहिन्यांचे आराखडे करतो. आपली मुलगी दोन वर्षे पाणीपुरवठ्याचेच काम करते आहे, हे आपण ओघात लिहून गेलात. माझ्या दृष्टीने आपल्या प्रश्नातील सर्वांत मोलाची माहिती तीच आहे. पाण्याचे काम हाती असताना तिला प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे वळवणे म्हणजे उभे पीक मोडून पेरणीसाठी दुसऱ्याचे रान पाहणे होय. पीआर पदवीला मिळत नाही, व्यवसायाला मिळते. म्हणून आधी व्यवसाय ठरवावा, तो कोणत्या देशाला हवा आहे ते पाहावे आणि पदवीचा विचार शेवटी करावा. कन्सल्टन्सीत हाच क्रम उलटा असतो, कारण त्यांना कमिशन पदवीवर मिळते.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, केवळ दर सहामाहीचे किरकोळ अंशदान असते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो भरावे लागतात. श्टुटगार्ट विद्यापीठाचा जलसंपत्ती अभियांत्रिकीचा प्रसिद्ध अभ्यासक्रम त्याच राज्यात येतो. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ पासून शुल्क सुरू केले आहे. व्हिसासाठी एका वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावे लागतात. ते शुल्क नव्हे. तेथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे तुमचेच पैसे तुम्हाला परत मिळतात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र सक्तीचे आहे. त्यात गुणपत्रिकांची पडताळणी होते आणि वेळ जातो, म्हणून ते सर्वांत आधी करून घ्यावे.

पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिने मिळतात. जर्मन पदवीधराला त्याच्या शिक्षणाला साजेशी नोकरी लागल्यावर दोन वर्षांत स्थायी निवासासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी चोवीस महिन्यांची निवृत्तिवेतन विम्याची वर्गणी आणि बी-वन पातळीची, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती, जर्मन भाषा लागते. ईयू ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना) घेतल्यास बी-वन भाषेसह एकवीस महिने पुरतात. नवपदवीधरांसाठी आणि अभियंत्यांसारख्या टंचाईच्या व्यवसायांसाठी २०२५ मध्ये त्याची वेतनमर्यादा वर्षाला सुमारे ४३,७६० युरो होती. कागदावर यापेक्षा सरळ वाट मला दुसरीकडे दिसत नाही.

मात्र या वाटेवर एक मोठा खड्डा आहे आणि आपली बहुतेक मुले त्यातच पडतात. अभ्यासक्रम इंग्रजीत असतो, प्रवेशाला जर्मन विचारत नाहीत, म्हणून मुले जर्मन न शिकता येतात. संगणकवाल्यांचे त्यावाचून कधीकधी निभावते, स्थापत्यवाल्यांचे निभावत नाही. पाण्याचे काम येथे नगरपालिकांच्या संस्था करतात. पिण्याच्या पाण्याचे तांत्रिक नियम डीव्हीजीडब्ल्यू या संस्थेचे, सांडपाण्याचे डीडब्ल्यूए या संस्थेचे, आणि ठेकेदार, नगरपालिकेचा अधिकारी, ज्याच्या शेतातून वाहिनी जाते तो शेतकरी, हे सगळे जर्मनच बोलतात. मी बी-वन उत्तीर्ण होऊन पहिल्या बैठकीला गेलो, तेव्हा येथील सॅक्सन बोलीपुढे माझी अवस्था औशाच्या माणसाला मालवणात पंचायतीला बसवावे तशी झाली होती. पदवीनंतर नोकरी मिळण्यास मला अकरा महिने लागले, आणि त्यांतले आठ महिने केवळ भाषेचे होते. म्हणून तिने निघण्यापूर्वी भारतातच बी-वन पूर्ण करावे आणि येथे आल्यावर पहिल्या सहामाहीपासून बी-टूच्या वर्गाला बसावे. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनाचे ऑनलाइन वर्ग जालन्याहूनही करता येतात.

आणखी एक गोष्ट. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे, म्हणून दुसऱ्या वर्षाचा खर्च अर्धवेळ कामातून निघेल असे सगळे सांगतात. तो निघतो, पण हॉटेलात भांडी घासून निघाला तर अभ्यास लांबतो. एखाद्या अभियांत्रिकी कार्यालयात विद्यार्थी-सहायक म्हणून काम मिळाले तर तीच पुढची नोकरी ठरू शकते, आणि ते मिळण्यासाठीही पुन्हा भाषाच लागते.

निवृत्त शाखाधिकारी (बीड) :

गुरुजी, मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो असून शैक्षणिक कर्जांची प्रकरणे बरीच हाताळली आहेत. देश कोणता, हे वरील मंडळी सांगतीलच. मी केवळ पैशाविषयी लिहितो.

पहिली गोष्ट, कोरडवाहू चार एकर या हिशेबात धरूच नका. शेतजमीन सर्फेसी या कर्जवसुलीच्या कायद्याच्या कलम ३१ नुसार त्या वसुलीच्या कक्षेबाहेर आहे, त्यामुळे बँका शैक्षणिक कर्जाला ती तारण म्हणून सहसा घेत नाहीत. साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज विनातारण मिळते. त्यावर आपला एनए प्लॉट कामी येईल. त्याचा एनए आदेश, मोजणी आणि बोजा नसल्याचा तीस वर्षांचा शोध अहवाल आत्ताच तयार ठेवा, कारण आपल्याकडे प्लॉट असतो, परंतु कागद काकांच्या नावावर निघतो. परदेशी शिक्षणासाठी सर्वसाधारणपणे खर्चाच्या १५ टक्के रक्कम पालकाने स्वतः घालायची असते. ती आपल्या भविष्य निर्वाह निधीतून काढता येईल, पण त्यापलीकडे त्या निधीला हात लावू नका.

दुसरी गोष्ट हिशेबाची. समजा, तीस लाख रुपये ११ टक्के दराने घेतले. दोन वर्षे शिक्षण आणि त्यानंतर एक वर्ष सवलत, म्हणजे तीन वर्षे हप्ता नाही. पण व्याज थांबत नाही. साध्या व्याजाने तेच ९ लाख ९० हजार होते. हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर चाळीस लाख असतात आणि दहा वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता सुमारे ५५ हजार रुपये येतो. आता वाईटात वाईट धरून चला : परवाना मिळाला नाही, नोकरी लागली नाही, मुलगी परत आली आणि तिला येथे तीस-पस्तीस हजारांची नोकरी लागली. हा हप्ता कोण भरणार? तोपर्यंत आपली निवृत्ती अगदी तोंडावर आलेली असेल. याउलट, बारा लाखांचे कर्ज त्याच दराने आणि त्याच मुदतीने घेतले तर हप्ता बावीस हजारांच्या आसपास येतो. तोही जड आहे, पण मुलगी परत आली तरी घर बुडत नाही. "किती कर्ज मिळेल" हा प्रश्न बँकेसाठी ठेवा. आपण मात्र "अपयश आले तर किती फेडता येईल" एवढाच विचारा, आणि देश त्या आकड्यात बसवा.

खासगी वित्तसंस्था शेजारच्याच टेबलावर बसलेल्या असतात, दोन दिवसांत मंजुरी देतात आणि दर दोन-तीन टक्क्यांनी जास्त लावतात. पतसंस्थेच्या वाटेला तर जाऊच नये.

शिष्यवृत्तीचेही पाहून घ्यावे. आपला प्रवर्ग मी विचारत नाही, पण अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी समाजासाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, आणि इतर मागास, भटके-विमुक्त व आदिवासी विद्यार्थ्यांसाठी त्या त्या खात्यांच्या स्वतंत्र योजना आहेत. या योजनांना उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. शिक्षकाच्या वेतनामुळे पहिली अट आडवी येऊ शकते, आणि कॉलेजची पदविका दुसऱ्या अटीत कधीच बसत नाही.

गल्लीबोळ (नांदेड) :

एवढा खटाटोप करण्यापेक्षा मुलीने एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा द्यावी. घरापासून जवळ राहील, आणि पाणीपुरवठा खात्यात अभियंत्यांची गरज येथेही आहेच.

निवृत्त शाखाधिकारी (बीड) :

प्रश्न परदेशी पदवीचा आहे. आणि त्या परीक्षेच्या जाहिरातीची वाट पाहून तिशी ओलांडलेले दोन अभियंते माझ्याच घरात आहेत.

बालाघाट (सध्या अ‍ॅडलेड) :

गुरुजी, वरच्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरली गेली आहे : परदेशात स्थायिक व्हायचे तर आधी तेथील पदवी घ्यावी लागते. स्थापत्य अभियंत्याच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाला तरी ते तसे नाही, म्हणून हिशेब मांडून दाखवतो.

येथील कुशल स्थलांतराच्या व्हिसांना किमान ६५ गुण लागतात; निमंत्रणे प्रत्यक्षात त्याहून बऱ्याच वरच्या गुणांना जातात. वय २५ ते ३२ असेल तर ३० गुण. पदवीचे १५ गुण, आणि ते बॅचलरला जितके तितकेच मास्टरला. वाढतात ते डॉक्टरेटला. इंग्रजीत आयईएलटीएसच्या चारही विभागांत ७ मिळवले तर १० गुण, ८ मिळवले तर २०. अविवाहित असल्याचे १० गुण. पदवीनंतरचा तीन वर्षांचा संबंधित अनुभव असेल तर ५. एनएएटीआय या संस्थेची सामुदायिक भाषेची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास आणखी ५, आणि त्या भाषांच्या यादीत मराठी आहे. आपल्या बोलीचा उपयोग थेट व्हिसाला होण्याची ही माझ्या माहितीतील एकमेव जागा. इंग्रजीचे २० धरले तर या सगळ्याची बेरीज ८५ होते. एखाद्या राज्याने ४९१ क्रमांकाच्या प्रादेशिक व्हिसासाठी नामनिर्देशन दिले तर त्यावर आणखी १५. तो व्हिसा पाच वर्षांचा असतो, आणि तीन वर्षे प्रादेशिक भागात राहून काम केल्यावर १९१ क्रमांकाच्या स्थायी व्हिसासाठी अर्ज करता येतो. संपूर्ण अ‍ॅडलेड शहर या व्याख्येने प्रादेशिक भागच आहे.

यात येथे शिकण्याचा एक पैसाही नाही. येथे दोन वर्षे शिकून मिळते ते काय? ऑस्ट्रेलियातील शिक्षणाचे ५ गुण, प्रादेशिक भागात शिकल्याचे आणखी ५, आणि ४८५ क्रमांकाचा तात्पुरता कामाचा व्हिसा, जो भारतीय मास्टर पदवीधरांना व्यापार करारामुळे तीन वर्षांपर्यंत मिळतो. शेवटचा भाग मौल्यवान आहे, कारण येथे राहून काम करणाऱ्यांना राज्ये झुकते माप देतात. म्हणून येथील शिक्षण मी निरुपयोगी म्हणत नाही. पण त्याची किंमत मोठी आहे, विद्यार्थी व्हिसाचे शुल्कच जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाले आहे आणि खात्यात शुल्काखेरीज २९,७१० डॉलर दाखवावे लागतात. मी स्वतः शिकायला आलो, कर्ज घेऊन आलो, आणि हा तक्ता विमानात बसल्यावर वाचला.

बाहेरून अर्ज करण्यातली अडचणही सांगतो. एन्जिनिअर्स ऑस्ट्रेलिया या संस्थेकडून पदवीची पात्रता ठरवून घ्यावी लागते. भारत २०१४ पासून अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन अ‍ॅकॉर्डचा पूर्ण सदस्य आहे, पण त्याचा लाभ एनबीए या राष्ट्रीय मानांकन मंडळाने टियर वनमध्ये मानांकित केलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळतो. तिच्या शाखेला पदवीच्या वर्षी ते मानांकन होते का, हे पाहून घ्यावे. नसेल तर स्वतःच्या कामावर तीन करिअर एपिसोड लिहून सीडीआर नावाचा अहवाल द्यावा लागतो. राज्याचे नामनिर्देशन कधी येईल, येईल की नाही, हे कोणाच्या हातात नसते. एक वर्षही लागू शकते आणि तीनही. पण वाट पाहताना डोक्यावर कर्ज नसते. मुलीचा दोन वर्षांचा अनुभव झालेलाच आहे, तिसरे वर्ष पूर्ण होऊ द्यावे. तेवढ्यात इंग्रजी आणि जर्मन दोन्हींची तयारी होईल.

पूर्णाकाठ (परभणी) :

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आज कन्सल्टन्सीत जाऊन सीआयपी क्रमांक विचारला. "सर, एवढे कोणी विचारत नाही" असे म्हणाले, लेखी दिले नाही, आणि नोंदणीचे २५ हजार रुपये परत मिळत नाहीत असे मात्र छापील पावतीवर दाखवले. असो, तेवढ्यात सुटलो. पुढचे माझी मुलगीच लिहील. हा प्रश्न मी तिच्या वतीने विचारला, पण तिला न विचारताच विचारला होता, हे तिने मला काल सुनावले आहे.

पूर्णाकाठ यांची मुलगी :

नमस्कार. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा पर्याय मला पहिल्या दिवसापासून नको होता. गेल्या उन्हाळ्यात आम्ही घनसावंगी तालुक्यातल्या एका गावात टाकी बांधून पूर्ण केली, वाहिन्या टाकल्या, नळ बसवले, आणि उद्‌घाटनानंतर तीन आठवड्यांत उद्भव विहिरीने तळ गाठला. पंधरा हजार लिटर ज्या विहिरीतून उपसायचे ठरवले होते, तिचा मार्चमधला पाझर कोणी मोजलाच नव्हता. मला ते मोजायला शिकायचे आहे. म्हणून मांजरा यांनी सांगितलेला जलविज्ञानाचा अभ्यासक्रम वाचताना पहिल्यांदा असे वाटले की, हे पीआरसाठी नसते तरी मी शिकले असते.

बाबांशी बोलून असे ठरले आहे की नोकरी आणखी एक वर्ष सोडायची नाही, जर्मनचा ए-वनचा वर्ग पुढच्या महिन्यात सुरू करायचा, आणि आयईएलटीएस त्यानंतर द्यायची, म्हणजे ड्रेस्डेन आणि अ‍ॅडलेड दोन्ही वाटा खुल्या राहतील. एपीएससाठी मूळ गुणपत्रिका विद्यापीठातून मागवल्या आहेत. कर्जाची मर्यादा आम्ही बारा लाख धरली आहे. प्लॉट तारण ठेवायचा, शेत नाही.

बालाघाट दादांना एक प्रश्न आहे. माझ्या बावीस हजारांपैकी चौदा हजार बँकेत जमा होतात आणि त्यावरच पीएफ कापला जातो. उरलेले आठ हजार साईटवर रोख मिळतात. अनुभवाच्या गुणांसाठी हे चालते का?

बालाघाट (सध्या अ‍ॅडलेड) :

ताई, अनुभव मोजताना पगार किती यापेक्षा तो पूर्णवेळचा, अभियंत्याच्या पदावरचा आणि पुराव्यानिशी होता का, हे पाहतात. बँकेत जमा होणारे चौदा हजार, पीएफचे विवरण आणि नेमणूकपत्र हा तुमचा पुरावा; रोख रकमेचा उल्लेख कागदावर नसेल तर तुम्हीही दाखवू नका, कारण मालकाचे पत्र आणि तुमचा दावा यांत फरक आढळला तर चौकशी लागते. कामाच्या स्वरूपासह अनुभवाचे पत्र नोकरी सोडताना नव्हे, संबंध चांगले आहेत तोवर, आत्ताच लेटरहेडवर मागून घ्या. साईटची रोजनिशी, मोजमाप पुस्तकाच्या प्रती, आराखडे आणि छायाचित्रे जपून ठेवा. सीडीआर विकत लिहून देणारे अनेक भेटतील. उचललेला मजकूर तेथे सापडतो आणि अर्ज फेटाळला जातो. पहिला एपिसोड घनसावंगीच्या त्या टाकीवर लिहा, विहिरीसकट.